वीज वाढली म्हणून देश वाढतो, की देश वाढला म्हणून वीज? वाचकांचे प्रश्न

विजेचा वापर आणि विकसनशील देशांची आर्थिक वाढ यांच्या नात्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. भारताचा दरडोई वीजवापर एका पुस्तकात 1010 युनिट, तर दुसऱ्यात 805 युनिट दिला आहे, आणि वर्ष जवळपास तेच आहे. नेमका कोणता आकडा धरायचा? (लातूर)

दोन्ही बरोबर आहेत, फक्त मोजायची जागा वेगळी आहे. 1010 हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2014-15 चा आकडा. प्राधिकरण देशात तयार झालेली एकूण वीज घेतं, त्यात बाहेरून आलेली निव्वळ वीज मिळवतं आणि बेरजेला लोकसंख्येनं भागतं. म्हणजे वीज केंद्रानं स्वतःचे पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवायला खाल्लेली वीज, तारांमधली गळती, आकडा टाकून नेलेली वीज, सगळं त्यात आलं. कारखान्यांच्या स्वतःच्या मोठ्या संचांची वीजही आली. जागतिक बँकेची 2014 ची सुमारे 805 ही संख्या केंद्राचा स्वतःचा खप आणि वहन-वितरणातली गळती वजा करून काढलेली आहे. दोन्हींतली दरी वीस टक्क्यांची आहे आणि त्या काळातली आपली गळती पाहता ती तेवढीच असायला हवी.

म्हणून नियम एकच : तुलना करताना दोन्ही देशांचे, किंवा दोन्ही वर्षांचे आकडे एकाच मालिकेतून घ्या. भारताची 1395 ही 2023-24 ची प्राधिकरणाची संख्या दुसऱ्या देशाच्या जागतिक बँकेच्या संख्येशेजारी ठेवली, तर आपण उगाच पुढे दिसतो.

प्राधिकरणाच्या मालिकेतले टप्पे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. 1947 मध्ये माणशी सुमारे 16 युनिट, 2005-06 मध्ये 631, 2013-14 मध्ये 957, 2023-24 मध्ये 1395. यात आणखी एक गैरसमज होतो. 1395 युनिट म्हणजे माणसानं घरात वापरलेली वीज नव्हे. देशाच्या एकूण खपात घरगुती वाटा साधारण पाव आहे, उद्योगांचा चाळीस टक्क्यांच्या वर आणि शेतीचा सतराच्या आसपास.

प्रश्न : ज्या राज्याचा दरडोई वीजवापर जास्त, ते राज्य अधिक श्रीमंत, असं वर्गात शिकवावं का? (फोंडा, गोवा)

नको, निदान एवढ्या सरळ शब्दांत तरी नको. ओडिशाचा दरडोई वापर केरळच्या जवळपास दुप्पट आहे आणि केरळचं दरडोई उत्पन्न ओडिशापेक्षा बरंच जास्त आहे. कारण सरकारी धोरणात शोधायची गरज नाही, ॲल्युमिनियममध्ये सापडतं. अंगुळ, हिराकूड, झारसुगुडा इथल्या भट्ट्यांत एक टन ॲल्युमिनियम काढायला साधारण 14,000 युनिट लागतात. तेवढ्या विजेत दरमहा 100 युनिट वापरणाऱ्या घराची अकरा वर्षांहून जास्त काळ सोय होते. धातू बाहेर जातो, नफ्याचा मोठा भाग बाहेर जातो आणि वापर मात्र राज्याच्या नावावर चढतो. केरळची कमाई परदेशातून येणारा पैसा, पर्यटन, व्यापार, सेवा यांतून येते. त्यांना एका रुपयामागे फार थोडी वीज लागते.

याचं टोकाचं उदाहरण मोझांबिकमध्ये आहे. मापुतोजवळचा मोझाल हा ॲल्युमिनियम कारखाना 2000 साली सुरू झाला आणि तो 900 मेगावॅटहून अधिक वीज घेत आला. 900 मेगावॅट वर्षभर सलग चालले, तर सुमारे 788 कोटी युनिट होतात. लोकसंख्या तीन कोटी धरली, तर या एका कारखान्यामुळे प्रत्येक माणसाच्या नावावर 260 युनिट चढतात, त्याच्या घरात तार पोचलेली असो वा नसो. त्या देशातल्या बहुसंख्य घरांत अनेक वर्षं ती पोचलेलीच नव्हती.

आपल्याकडे दादरा-नगर हवेलीचा दरडोई आकडा पाहून विद्यार्थी चक्रावतात. तिथंही लोक थोडे आणि कारखाने भरपूर, एवढंच कारण आहे. वर्गात शिकवायचं तर एकूण आकड्याऐवजी तीन तुकडे मांडा : घरगुती वापर, लहान-मध्यम उद्योग आणि व्यापारी ग्राहकांचा वापर, आणि मोठ्या विद्युतभक्षी कारखान्यांचा वापर. लोकांच्या उत्पन्नाशी पहिल्या दोन तुकड्यांचं नातं बरंच घट्ट असतं. तिसरा बाजूला काढल्याशिवाय राज्याराज्यांची तुलना करूच नये.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एम.ए. करते. 'वीजवापर आणि राष्ट्रीय उत्पन्न' यांतल्या कार्यकारणभावावर प्रबंधिका लिहायची आहे. वाचावं तितके वेगवेगळे निष्कर्ष मिळतात. असं का होतं आणि मी कुठे काळजी घ्यावी? (पुणे)

या विषयाला सुरुवात झाली 1978 मध्ये. क्राफ्ट आणि क्राफ्ट यांनी अमेरिकेची आकडेवारी घेऊन उत्पन्नाकडून ऊर्जावापराकडे कारण जातं असं दाखवलं. तेव्हापासून शेकडो निबंध आले आणि ते चार कप्प्यांत पडतात : वीज वाढीला ढकलते, वाढ विजेला ओढते, दोन्ही एकमेकांना, किंवा कुणीच कुणाला नाही. भारताबद्दल सजल घोष यांचा 2002 चा निबंध जरूर वाचा. 1950-51 ते 1996-97 या काळासाठी त्यांना वाढीकडून विजेकडे जाणारं कारण सापडलं, उलट दिशेनं नाही. काळ, चलं किंवा पद्धत बदलली की त्याच देशासाठी वेगळी दिशा मिळते.

पहिली अडचण चाचणीची आहे. अशा निबंधांत सहसा वापरली जाणारी ग्रेंजरची चाचणी एवढंच विचारते की विजेचे मागचे आकडे हाताशी असले, तर उत्पन्नाचा पुढचा अंदाज सुधारतो का. त्यामागे यंत्रणा काय, हे ती सांगत नाही. नवा कारखाना येणार म्हणून वर्षभर आधी वीजजोडणी झाली, तर चाचणी म्हणेल की विजेमुळे वाढ झाली.

दुसरी अडचण आमच्या मते सर्वांत मोठी आहे आणि बहुतेक निबंधांत तिचा उल्लेखही नसतो. आपल्याकडे दशकानुदशकं भारनियमन होतं. 2009-10 मध्ये देशाची ऊर्जा तूट 10 टक्के आणि सर्वोच्च मागणीच्या वेळची तूट जवळपास 13 टक्के होती. अशा वर्षांत नोंदलेला 'वापर' म्हणजे लोकांची मागणी नव्हे, मिळाली तेवढी वीज. मान्सून कमी झाला, धरणं भरली नाहीत, जलविद्युत घटली, वापर घटला, आणि त्याच मान्सूनमुळे शेतीचं उत्पन्नही घटलं. दोन्ही रेषा एकत्र खाली आल्या म्हणून एकीनं दुसरीला पाडलं असं होत नाही. पावसाचं चल न घेता केलेली चाचणी इथे हमखास फसते.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम. दोन्ही मालिका दरडोई करा आणि त्यांचा लॉग घ्या. उत्पन्न स्थिर किंमतींत हवं, आणि 2011-12 चा पाया व त्याआधीचे पाये जोडताना जोड कसा लावला ते लिहून ठेवा, परीक्षक तिथेच विचारतात. विजेची मालिका फक्त वीज कंपन्यांची आहे की स्वयंनिर्मितीसह आहे, ते तपासा. मध्येच व्याख्या बदलली असेल, तर आलेख अचानक उडी मारतो. मग एकमूळ (युनिट रूट) चाचणी करा, म्हणजे मालिका स्थिर आहे की नाही ते कळतं. दोन्ही मालिका वर चढणाऱ्या असल्यानं साधं समाश्रयण (रिग्रेशन) केलं, तर त्यांचा संबंध नसतानाही 0.98 सारखा देखणा आकडा मिळतो आणि तो निरर्थक असतो. नंतर सहएकात्मता (कोइंटिग्रेशन), म्हणजे दोन्ही मालिका दीर्घकाळ एकमेकींना धरून चालतात का, ते तपासा. वार्षिक निरीक्षणं पन्नास-साठच असतात, त्यामुळे जोहान्सनच्या पद्धतीइतकीच सीमा-चाचणीची पद्धतही चालवून पाहा. सहएकात्मता असेल, तर त्रुटी-सुधारणा प्रतिमान वापरा. मालिकांच्या स्वरूपाबद्दल खात्री नसेल, तर तोडा-यामामोटो पद्धत बरी. पश्चता (लॅग), म्हणजे किती वर्षं मागचे आकडे घ्यायचे ते, एक, दोन, तीन अशा बदलून पाहा आणि दिशा बदलत असेल, तर ते लपवू नका. 1991 च्या आर्थिक सुधारणांचा खंड घालून आणि न घालून, दोन्ही निकाल द्या.

तिसरं चल म्हणून भांडवल किंवा विजेचा दर घ्याच. दोनच चलांवर उभा राहिलेला निष्कर्ष आम्ही तरी गंभीरपणे घेत नाही.

आणि शक्य असेल तर देशपातळी सोडा. राज्यांची किंवा कारखान्यांची आकडेवारी वापरणारे निबंध कितीतरी अधिक सांगून जातात. हुआन पाब्लो रुड यांनी 2012 मध्ये भारतीय राज्यांवर केलेलं काम नमुन्यादाखल पाहा. हरितक्रांतीत जिथं भूजल हाताशी होतं, तिथं पंपांसाठी तारा आधी गेल्या. त्या तारा कारखानदारीच्या अपेक्षेनं टाकलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा कारखानदारीवरचा परिणाम स्वतंत्रपणे मोजता येतो. तो परिणाम ठळकपणे वाढीच्या बाजूनं निघाला.

प्रश्न : आमची फाउंड्री आहे. वीज गेली की तोटा होतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण अर्थतज्ज्ञ तो मोजतात कसा? आणि जनरेटर आहे म्हटल्यावर तोटा नाही असं धरतात का? (कोल्हापूर)

जनरेटरनं तोटा संपत नाही, त्याचं रूप बदलतं. तुमच्याच धंद्याचं गणित मांडू. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. डिझेल जनरेटर चांगल्या भारावर लिटरला 3.3 युनिटच्या आसपास देतो. डिझेल 90 रुपये धरलं, तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटला 27 रुपये. वाहिनीवरची औद्योगिक वीज सगळे आकार मिळून 9.50 रुपयांना पडते असं धरलं, तर एका टनामागे 5,700 रुपयांच्या जागी 16,200 रुपये जातात. शिवाय 500 किलोवॅटची भट्टी पेलायला 600 केव्हीएहून मोठा संच लागतो, आणि तो बहुतेक वेळ नुसता उभा असतो. भार तीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर लिटरमागची युनिट आणखी घटतात आणि न जळलेलं डिझेल धुराड्यात साचून इंजिन खराब होतं. म्हणूनच शहाणे फाउंड्रीवाले भट्टी जनरेटरवर घेत नाहीत, फक्त थंड पाण्याचा पंप, क्रेन आणि दिवे घेतात.

तो पंप मात्र कधीही सोडू नका. वीज गेली तरी घरियेतला (भट्टीच्या भांड्यातला) वितळलेल्या धातूचा रस तापलेलाच असतो. तांब्याच्या कॉइलमधलं पाणी थांबलं की अस्तरातून आलेल्या उष्णतेनं ते पाणी उकळतं, कॉइल फुटू शकते आणि पाणी रसाला लागलं तर स्फोट होतो. उंचावरच्या टाकीतून आपोआप उतरणारं पाणी आणि काही सेकंदांत सुरू होणारा लहान संच, दोन्ही हवेत. रस गोठलाच, तर पुन्हा वितळवताना भट्टी थोडी कलती ठेवावी, म्हणजे खाली वितळून फुगलेल्या धातूला वाट मिळते. नाहीतर अस्तराला चीर जाते आणि त्या चिरेतून रस कॉइलपर्यंत पोचतो.

आता अर्थतज्ज्ञांची पद्धत. ऑलकॉट, कॉलर्ड-वेक्सलर आणि ओ'कॉनेल यांनी 2016 मध्ये भारतातल्या कारखान्यांच्या वार्षिक पाहणीवर काम केलं. धरणांत पाणी कमी असलेल्या वर्षी जलविद्युत घटते आणि तुटवडा वाढतो. कारखान्याच्या कारभाराशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तो तुटवड्याचा शुद्ध धक्का मानता येतो. त्यांना आढळलं की तुटवड्यामुळे सरासरी कारखान्याची विक्री आणि उत्पादकाचा लाभ 5 ते 10 टक्के घटतो. उत्पादकता मात्र तितकी घसरत नाही, कारण कच्चा माल खराब न होता पडून राहतो आणि वीज आल्यावर वापरता येतो. जनरेटर परवडत नाही अशा लहान कारखान्यांना फटका सगळ्यांत जास्त बसतो. ही सरासरी आहे हे लक्षात असू द्या. गोठलेल्या रसाचा तोटा पडून राहिलेल्या पत्र्याच्या तोट्यासारखा नसतो.

तुम्ही जाळलेलं डिझेल राष्ट्रीय उत्पन्नात भर घालत नाही. ते मधला खर्च म्हणून तुमच्या उत्पादनातून वजा होतं आणि तुमचं मूल्यवर्धन तेवढं कमी दिसतं. लहान जनरेटरची वीज तर राष्ट्रीय आकडेवारीत बहुतेक नोंदलीच जात नाही. नायजेरियासारख्या वीस कोटींहून मोठ्या देशात वाहिनीवर जेमतेम चार हजार मेगावॅटच्या आसपास वीज मिळते आणि दुकानं, दवाखाने, बँका आपापल्या जनरेटरवर चालतात. तिथला अधिकृत वीजवापर पाहून अर्थव्यवस्थेचं माप काढलं, तर ते हमखास चुकतं.

मोजमापात न येणारा तोटा त्याहून मोठा आहे. ज्या भागात वीज भरवशाची नाही, तिथं माणूस अखंड वीज मागणारं यंत्र घेतच नाही. कताई गिरणीत अर्ध्या सेकंदासाठी दाब पडला, तरी काँटॅक्टर (मोटरी चालू-बंद करणारे स्विच) सुटतात, रिंगफ्रेमवरच्या शेकडो चात्यांचे धागे तुटतात आणि जोडायला तास जातात. तिथला उद्योजक मग कापसातली सरकी काढून गाठी बांधून विकतो, सूत दुसरीकडे कातलं जातं. तो कारखाना कधी उभाच राहिला नाही, म्हणून त्याच्या तोट्याची नोंद कोणत्याही पाहणीत होत नाही.

पुण्यात 2006 मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या संचांतली वीज वापरून शहराचं भारनियमन थांबवलं होतं, आणि त्याच्या जादा खर्चासाठी ग्राहकांनी युनिटमागे काही पैसे विश्वासार्हता आकार दिला. भरवशाच्या विजेसाठी लोक जास्त पैसे मोजतात याचा तो चांगला पुरावा आहे.

प्रश्न : आमच्या गावात वीज येऊन कित्येक वर्षं झाली. दिवे लागले, टीव्ही आले, पण धंदा काही वाढला नाही. मग विजेनं विकास होतो हे खरं का? (जालना जिल्हा)

गावात 'वीज आली' याचा सरकारी अर्थ आधी पाहू. 2004 पासूनच्या व्याख्येनुसार गावात आणि दलित वस्तीत रोहित्र व तारा पोचल्या, शाळा-पंचायत-दवाखाना अशा ठिकाणी वीज दिली आणि दहा टक्के घरांना जोडणी मिळाली की गाव विद्युतीकृत झालं. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधलं लैसांग हे शेवटचं गाव जोडलं गेलं, ते या व्याख्येनं. घरोघर जोडणीचं काम 'सौभाग्य' योजनेतून नंतर झालं. वीज दिवसाला किती तास आणि किती दाबानं येते, हे व्याख्येत कुठेच नाही.

तुमचा अनुभव अभ्यासांशी जुळतो. राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेच्या पहिल्या टप्प्यात 300 लोकसंख्येची अट होती. बर्लिग आणि प्रिओनास यांनी तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांची तुलना केली, तर लहान गावांत उत्पन्नावर किंवा रोजगारावर फारसा परिणाम दिसला नाही. दोन हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावांत मात्र लाभ मोठा होता. मोठ्या गावात गिऱ्हाईक असतं, बाजार असतो, रस्ता असतो. केनियाच्या पश्चिम भागातल्या 150 वस्त्यांत ली, मिगेल आणि वुल्फ्रम यांनी प्रयोग केला. जोडणीचा दर 35,000 शिलिंग होता. पूर्ण दरानं जवळजवळ कुणी जोडणी घेतली नाही, निम्म्याहून जास्त सवलत दिल्यावर जेमतेम पाव घरांनी घेतली, फुकट दिल्यावर 95 टक्क्यांनी. आणि घेतलेल्यांच्या मिळकतीत पुढच्या दोन-अडीच वर्षांत लक्षणीय फरक पडला नाही, कारण दिवा आणि मोबाइल यांपलीकडे वापरायला त्यांच्याकडे उपकरणंच नव्हती.

उलट दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल प्रांतात टेरिन डिंकेलमन यांना आढळलं की वीज आल्यावर पाच वर्षांत कामावर जाणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण नऊ टक्के-गुणांनी वाढलं. तिथं विजेवर स्वयंपाक होऊ लागला, सरपणाला जाणारा वेळ वाचला आणि वाचलेल्या वेळात करायला आसपास काम होतं. विजेच्या जोडीला हे शेवटचं असावं लागतं.

तुमच्या गावाबद्दल तीन गोष्टी तपासा. गावठाण वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी आहे का? गुजरातनं 2003 ते 2006 या काळात ज्योतिग्राम योजनेत हे केलं, महाराष्ट्रातही गावठाण वाहिन्या वेगळ्या केल्या गेल्या. वेगळी नसेल, तर शेतीचा थ्री फेज बंद झाला की गावातली गिरणीही बंद. दुसरं, गावठाणात थ्री फेज आहे का? सिंगल फेजवर तीन एचपीच्या पुढची मोटर धड चालत नाही, म्हणजे डाळमिल, मोठं वेल्डिंग, दुधाचा बल्क कूलर, सगळं अडतं. दूध तर दोन-तीन तासांत चार अंशांवर आणावं लागतं, तिथं संध्याकाळची वीज नसली की संकलन केंद्रच येत नाही. तिसरं, संध्याकाळी सहा ते दहा या वेळात दाब किती असतो? थ्री फेजला 415 ऐवजी 350 व्होल्ट आले, तर मोटरचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो आणि 71 टक्के उरतो. मोटर तेवढंच काम करायला जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं घराघरांत मिनिटामिनिटाचा दाब नोंदवणारी यंत्रं बसवून ही स्थिती अनेक राज्यांत मांडली आहे. ग्रामपंचायतीनं महिनाभर रोज संध्याकाळी साध्या मल्टिमीटरनं नोंद ठेवली, तरी तक्रारीला वजन येतं.

याच जिल्ह्यातून डीपी (गावातलं वितरण रोहित्र) वारंवार का जळते असंही विचारलं आहे. पाच एचपीचा पंप सुमारे सहा केव्हीए घेतो, म्हणजे दहा पंपांतच 63 केव्हीएची डीपी भरते. सुरू होताना मोटर पाच-सहापट प्रवाह ओढते. सगळ्या पंपांना ऑटोस्विच असेल, तर वीज परतताच दहाही पंप एकाच क्षणी उठतात आणि त्या डीपीवर 300 केव्हीएहून जास्त मागणी येते. फ्यूज उडतो, मग कुणीतरी जाड तार घालतं आणि पुढच्या वेळी डीपीच जाते. पेरणीच्या किंवा फुलोऱ्याच्या वेळी नवी डीपी येईपर्यंतचे आठ-दहा दिवस म्हणजे हातचं पीक. उपाय स्वस्त आहे : ऑटोस्विच काढा, किंवा वेळ लावता येणारे बसवून प्रत्येकानं आपली वेळ वेगळी ठेवा, आणि पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावा. त्यानं पंपामागे साधारण एक केव्हीए वाचतो.

प्रश्न : मी कामानिमित्त घानात राहतो. इथे काही वर्षांपूर्वी विजेची भीषण टंचाई होती, आता म्हणतात की प्रकल्प जास्त झाले आणि त्यांचे पैसे देता देता सरकार बेजार आहे. टंचाई संपवायला भरपूर प्रकल्प बांधणं चूक ठरतं का? (आक्रा)

घाईत आणि 'वीज घ्या वा न घ्या, पैसे द्या' या अटीवर बांधले, तर ठरतं. घानात 2012 ते 2015 च्या 'डुमसोर' (सतत वीज जाण्याच्या) काळात लोक इतके कंटाळले होते की सरकारनं घाईघाईनं करार केले. नंतर क्षमता मागणीच्या बरीच पुढे गेली आणि न वापरलेल्या विजेचं बिल उरलं. पाकिस्तानातही गेल्या दशकातल्या प्रकल्पांच्या स्थिर आकारानं दर चढले. मग लोकांनी छपरावर सौरपटल बसवायला सुरुवात केली. 2024 या एका वर्षात त्या देशानं सुमारे 17 गिगावॅटची पटलं आयात केली. वाहिनीवरचा खप घटला की तोच स्थिर खर्च कमी युनिटांवर पडतो आणि दर पुन्हा चढतो.

हिशेब असा. प्रकल्प 85 टक्के भारांकावर (म्हणजे पूर्ण क्षमतेच्या 85 टक्के) चालला, तर युनिटमागे स्थिर खर्च 2 रुपये येतो असं समजा. तोच 40 टक्क्यांवर चालला की 4.25 रुपये. इंधन वेगळंच.

महाराष्ट्रानं हे दाभोळला भोगलं. 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरमध्ये, आणि मागणीचा अंदाज फुगवलेला. 2001 मध्ये राज्य वीज मंडळानं वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. त्यानंतर चार-पाच वर्षांतच राज्यात तासन्‌तास भारनियमन सुरू झालं. मागणी नसताना महाग वीज घेण्याचा करार आणि मागणी असताना विजेचा दुष्काळ, दोन्ही एकाच दशकात. मागणीचा अंदाज दर दोन वर्षांनी नव्यानं करावा, क्षमता लहान टप्प्यांत वाढवावी, आणि पैसे आधी गळती कमी करण्यात व उपकेंद्रांत घालावेत असं आमचं ठाम मत आहे. तुटवड्याच्या तक्रारींतल्या कितीतरी तक्रारी निर्मितीच्या नसतात, शेवटच्या दहा किलोमीटर तारेच्या असतात.

प्रश्न : महिन्याचा वीजवापर घटल्याची बातमी आली की मंदी आली असं समजावं का? (ठाणे)

लगेच नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये देशाची वीजमागणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा 13 टक्क्यांहून अधिक घटली, महाराष्ट्रात तर वीस टक्क्यांच्या वर. कारखानदारी तेव्हा खरोखर मंदावली होती, पण त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि शेतीपंप बंद होते, हवाही गार होती. म्हणून घट दिसली की आधी कोणता गट घटला ते पाहा. उच्चदाब औद्योगिक ग्राहकांचा खप तीन महिने सलग खाली असेल, तर चिंता करावी. सण कोणत्या महिन्यात पडले, आदल्या वर्षी उष्णतेची लाट होती का, हेही तपासा.

चीनमध्ये ली कछियांग लिआओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख असताना त्यांनी 2007 मध्ये सांगितलं होतं की आपण उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा वीजवापर, रेल्वे मालवाहतूक आणि बँकांची कर्जं पाहतो. पोलाद-सिमेंटच्या प्रांताला ते माप लागू पडत होतं. सॉफ्टवेअर आणि बँकांवर चालणाऱ्या मुंबई-ठाण्याला ते तितकं लागू पडणार नाही.

प्रश्न : वीज वाचवली, तर वाढ मंदावते का? (नागपूर)

वाढीला युनिट लागत नाहीत, उजेड, पाणी, गारवा आणि फिरणारा शाफ्ट लागतो. 60 वॅटच्या गोळ्याऐवजी 9 वॅटचा एलईडी लावला, तर युनिट जवळपास सातपटीनं घटतात आणि उजेड तेवढाच राहतो. पहिल्या तीन पंचवार्षिक योजनांत राष्ट्रीय उत्पन्न एक टक्का वाढायला वीजवापर साधारण तीन ते पाच टक्के वाढत होता, कारण तेव्हा शून्यातून जोडण्या आणि पोलाद कारखाने उभे राहत होते. आठव्या योजनेपर्यंत तो एका टक्क्याच्या आसपास आला. ब्रिटनमध्ये 2005 नंतर वीजवापर घटला आणि उत्पन्न वाढलं. पण ब्रिटनचं उदाहरण बिहारला लावू नये. जिथं घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत, तिथं बचतीला जागाच नाही, तिथं वापर वाढायलाच हवा. बचत शोधायची ती जुन्या पंपांत, गळक्या वाहिन्यांत आणि पुन्हा पुन्हा गुंडाळलेल्या मोटरींत. वाइंडिंग दोन-तीनदा बदललेली दहा एचपीची मोटर दिवसाला सोळा तास चालत असेल, तर नवी उच्च कार्यक्षमतेची मोटर घ्यायला किती खर्च येतो आणि महिन्याच्या बिलात किती फरक पडतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि आधी एकाच यंत्रावर बसवून दोन महिन्यांची मीटर नोंद पाहा.